जुनाट दुखणे आणि खचलेले मन

आमच्या म्हसळ्याच्या एसटी स्थानकावर सकाळी पहिल्या मुंबईच्या गाडीला कोणी ना कोणी दवाखान्याच्या कामाने निघालेला असतोच. हातात कागदपत्रांची पिशवी, सोबतीला मुलगा किंवा भाऊ. ओळखीचे माणूस दिसले की आपण विचारपूस करतो. "सूज उतरली का?" "पोट कसे आहे आता?" "गोळ्या चालू आहेत ना?" हे सगळे आपण आपुलकीनेच विचारतो. पण "मन कसे आहे?" असे विचारताना मी आजवर कोणाला ऐकलेले नाही. आणि उद्या कोणी विचारलेच, तर उत्तर देणारा दचकेल. याने मला वेड्यात काढले की काय, असे त्याला वाटेल.

आज मला आपणांस या न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास सांगावयाचा आहे. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, वैद्यक नव्हे. तेव्हा औषधे सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण रोगांना इतिहास असतो, तसा रोग्याकडे पाहण्याच्या दृष्टीलाही इतिहास असतो. आणि तो सांगणे हे माझ्या कामात बसते.

आधी कोणत्या दुखण्यांविषयी बोलावयाचे ते ठरवू. काही दुखणी येतात आणि जातात. हिवताप येतो, उतरतो. पण काही दुखणी पाहुणी म्हणून येतात आणि घरची होऊन बसतात. त्यांपैकी दोन प्रकारची आज घेऊ. पहिले सांध्यांचे. याला आपण आमवात किंवा संधिवात म्हणतो, डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. वय झाले म्हणून गुडघे दुखतात, ते हे नव्हे. हे दुखणे पुष्कळदा ऐन तिशी-चाळिशीत येते, पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होते, आणि सकाळी उठल्यावर बोटे तास-तास आखडून राहतात. दुसरे आतड्यांचे. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स अशी त्याची दोन मुख्य नावे. यात आतड्यांना सूज येते, जखमा होतात, पोटात मुरडा येतो, पुष्कळांना दिवसातून आठ-दहा वेळा रक्त पडते. आपल्याकडे बरीच वर्षे याला नुसती 'रक्ती आव' समजून औषध दिले जाई.

दोन्हींचे मूळ एकाच जातीचे आहे. शरीराचे रक्षण करणारी जी आतली फौज, तीच चुकून आपल्याच मुलखावर चालून जाते. दोन्ही वर्षानुवर्षे राहतात, कधी शांत होतात, कधी उसळतात. आणि दोन्हींत पुष्कळ माणसे मनाने खचतात. हे खचणे म्हणजे काय? रोग्याचा दुबळेपणा, की रोगाचाच एक भाग? या एका प्रश्नाभोवती आजचे भाषण आहे.

माझ्या घरातलीच गोष्ट सांगतो. माझी एक मावशी म्हसळ्याजवळच्या खेड्यात दिलेली होती. पस्तिशीच्या आतबाहेर तिची बोटे सुजू लागली. सकाळी विळा हातात धरवेना, पाट्यावर वाटण वाटता येईना. हळूहळू तिने लावणीला जायचे सोडले. ते समजण्यासारखे होते. पण पुढे गौरी-गणपतीत नाचायला जमलेल्या बायकांत येऊन बसायचेही सोडले. बसायला बोटे लागत नाहीत ना? आम्ही म्हणायचो, "तिचा स्वभावच तसा झालाय. तिला कामाचा कंटाळा आहे." एकदा ती माझ्या आईला म्हणाली, "मला आता सकाळच नको वाटते गो." तिच्या बोटांसाठी तीन डॉक्टर झाले, लेप झाले, काढे झाले. त्या एका वाक्यासाठी मात्र काहीच झाले नाही. कारण ते वाक्य आम्ही कोणत्याही डॉक्टरला सांगितलेच नाही. ती गेल्याला आता पुष्कळ वर्षे झाली. ते वाक्य मात्र माझ्या कानातून जात नाही.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला मावशीबरोबर नेहमी आणखी एक माणूस आठवतो. आमचा म्हसळा महाल १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. मुरुड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे त्या संस्थानचे तीन महाल. त्यांपैकी शेजारचे श्रीवर्धन हे पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ गाव. तिथून देशावर गेलेल्या बाळाजी विश्वनाथाचा पणतू म्हणजे थोरले माधवराव. १७६१ मध्ये पानिपतानंतर सोळाव्या वर्षी ते पेशवे झाले. १७६३ मध्ये राक्षसभुवनावर त्यांनी निजामाला हरवले. हैदरावर स्वाऱ्या केल्या. १७७० मध्ये कर्नाटकच्या मोहिमेत दुखणे बळावले, तेव्हा फौज त्रिंबकराव पेठ्यांच्या हाती देऊन ते मागे फिरले. आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरच्या चिंतामणीच्या देवळात वारले. वय अवघे सत्तावीस. दुखणे क्षयाचे होते, आणि तो आतड्यांचा क्षय होता असे सामान्यतः मानले जाते.

आतड्यांचा क्षय आणि आपण ज्याविषयी बोलत आहोत ते क्रोन्सचे दुखणे, हे दोन वेगळे रोग आहेत. पण लक्षणे इतकी सारखी की आजही आपल्या देशातल्या डॉक्टरांना दोहोंतला फरक ओळखताना विचार करावा लागतो. पोटात कळा, बारीक ताप, अंग झडत जाणे, अन्न न पचणे. जो माणूस घोड्यावरून मुलूख तुडवीत होता, त्याने दोन-अडीच वर्षे हे भोगले. त्यांच्या मनात काय चालले होते याचे निदान अडीचशे वर्षांनी मी करणार नाही. तसे करणे हा इतिहासाचा धर्म नव्हे. मी फक्त शिक्षक बंधू-भगिनींना एक विचारतो. आपण वर्गात माधवरावांच्या लढाया शिकवतो, त्यांचा तापट स्वभाव सांगतो, रामशास्त्री सांगतो. आणि शेवटची ती अडीच वर्षे? "पुढे ते क्षयाने वारले." एक वाक्य. माझ्या मावशीच्या वाट्याला आले, तसेच हे. दुखणे नोंदले जाते, दुखणारा माणूस नोंदायचा राहतो.

आता कोणी म्हणेल, जुन्या लोकांना मनाचे कुठे काय कळत होते? श्रोतेहो, इथेच मला आपणांस थोडे थांबवावयाचे आहे. कळत होते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक मोठी गमतीदार यादी आहे. कोणत्या बाबतीत कोणती गोष्ट सर्वांत पुढे, याची ती यादी. शरीर सुकवणाऱ्या गोष्टींत पहिला क्रमांक शोकाला दिला आहे. आणि रोग वाढवणाऱ्या गोष्टींत पहिला क्रमांक कोणाला असेल? वाईट हवेला नाही, कुपथ्याला नाही. तो विषादाला दिला आहे. विषाद म्हणजे मनाचे खचणे. म्हणजे रोग झाल्यावर तो वाढवणारी सर्वांत मोठी गोष्ट कोणती, तर खचलेले मन, हे चरकाच्या परंपरेला ठाऊक होते.

यापुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. त्याच ग्रंथात ग्रहणी नावाच्या आतड्यांच्या रोगाचे वर्णन आहे. त्यात वाताने होणाऱ्या ग्रहणीची लक्षणे सांगताना पोटदुखी, कृशपणा, दुर्बलता यांच्या रांगेतच मनाचे 'सदन' सांगितले आहे. सदन म्हणजे इथे घर नव्हे. सदन म्हणजे गळून जाणे, बसून जाणे. पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकर नावाच्या वैद्याने रोगांच्या निदानावर ग्रंथ लिहिला. तो 'माधवनिदान' म्हणून आजही वैद्यांच्या अभ्यासात आहे. आमवाताला स्वतंत्र प्रकरण देऊन त्याचे सविस्तर वर्णन केले ते याच ग्रंथाने. त्यात माधवकर सांगतो, की मंदावलेल्या पचनातून 'आम' तयार होतो आणि तो सांध्यांत जाऊन बसतो. म्हणजे पोट आणि सांधे यांचे नाते त्याने जोडले. आणि लक्षणे मोजताना सांध्यांची सूज, ताप, अन्नावरची वासना जाणे यांबरोबर एक शब्द लिहिला: उत्साहहानी.

ग्रहणी म्हणजेच आजचा कोलायटिस, आमवात म्हणजेच हुबेहूब आजचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असे मी म्हणत नाही. जुन्या नावांवर नवी नावे चिकटवण्याची घाई करू नये. मी एवढेच दाखवतो की उत्साह जाणे, मन बसणे, या गोष्टी त्या वैद्यांनी लक्षणांच्या यादीत घातल्या. रोग्याच्या दोषांच्या यादीत घातल्या नाहीत. ताप हे जसे लक्षण, तसे हेही लक्षण. ताप आला म्हणून आपण कोणाला आळशी म्हणतो का?

मग हे शहाणपण कुठे हरवले? यासाठी आपल्याला युरोप-अमेरिकेत जावे लागेल. कारण आज आपल्या दवाखान्यांत जे वैद्यक चालते ते तिकडून वाढून आले.

१८५९ हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या एकाच वर्षी लंडनमध्ये आल्फ्रेड गॅरड यांनी सांध्यांच्या या रोगाला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव सुचवले, आणि लंडनच्याच गायज रुग्णालयातील सॅम्युएल विल्क्स यांनी आतड्यांवर व्रण पडणाऱ्या रोगाचे वर्णन केले. पुढे १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी दुसऱ्या आतड्याच्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला पहिल्या डॉक्टरांचे नाव पडले. नावे मिळाली, पण कारण सापडेना. आणि कारण सापडत नाही तेव्हा माणूस काय करतो? जो समोर असतो त्याच्यावर बोट ठेवतो.

समोर होता रोगी. हे रोगी उदास असतात, चिडचिडे असतात, हे डॉक्टरांना दिसतच होते. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या सेसिल मरे यांनी लिहिले की कोलायटिसच्या मुळाशी मनातला संघर्ष असावा. मग हा विचार फोफावला. १९५० मध्ये शिकागोचे फ्रान्झ अलेक्झांडर यांचा मन आणि शरीर यांच्या संबंधावरचा मोठा ग्रंथ आला. त्यात सात रोग असे मानले होते की ज्यांच्या उगमात मनातल्या दबलेल्या भावनांचा मोठा हात आहे. जठराचा व्रण, दमा, रक्तदाब, त्वचेचा एक रोग, गळ्याच्या ग्रंथीचा एक रोग, आणि राहिलेले दोन? कोलायटिस आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपले दोन्ही रोग त्या सातांत!

अलेक्झांडर यांचा हेतू वाईट नव्हता. रोगी म्हणजे नुसते आतडे नव्हे, त्याला मन आहे, हे ते सांगत होते. पण चांगल्या विचाराचाही उलटा परिणाम होतो तो असा. दवाखान्यातून घरात आणि घरातून गल्लीत येईपर्यंत त्या विचाराचे रूप पालटले. "तुझ्या स्वभावामुळे तुला हे झाले." जुन्या वैद्याने सांगितले होते की रोगामुळे मन बसते. आता सांगितले गेले की मन असे म्हणून रोग झाला. लक्षणाचे कारण झाले, आणि कारणाचा दोष झाला. आधीच दुखणारा माणूस, त्याच्या शिरावर आता दुखण्याचा आळही आला.

आपल्या गावांनी यासाठी अलेक्झांडर वाचण्याची गरज नव्हती म्हणा! आपल्याकडे हाच आळ निराळ्या शब्दांत घेतला जातो. "ती सारखी विचार करते म्हणून तिला असे होते." "मन घट्ट नाही." नाहीतर मग बाहेरची बाधा, कोणाची नजर, भगताकडचा अंगारा. आणि याच्याही पुढे गेले की थट्टा: "याला रत्नागिरीला पाठवायला पाहिजे." १८८६ साली सुरू झालेल्या रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचे नाव कोकणात असे थट्टेचे होऊन बसले. त्या थट्टेच्या भीतीने किती माणसांनी आपल्या मनाचे दुखणे तोंडातून बाहेर काढले नसेल!

आता चाक पुन्हा कसे फिरले ते पाहू. ते फिरवले औषधांनी, आणि तेही काहीसे योगायोगाने.

स्वीडनमध्ये नाना स्वार्ट्झ नावाच्या एक विदुषी डॉक्टर होत्या. तिथल्या सरकारी विद्यापीठांत प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ते साल १९३७. सांध्यांच्या दुखण्यासाठी त्यांनी एक औषध करवून घेतले. पुढे १९४० नंतरच्या वर्षांत दिसून आले की ते कोलायटिसवरही गुण देते. सल्फासालाझिन हे त्याचे नाव. दोन्ही रोगांत ते आजही वापरात आहे. सांध्यांसाठी केलेले औषध आतड्याला लागू पडले! माधवकराने जोडलेले पोटाचे आणि सांध्याचे नाते निराळ्या वाटेने पुन्हा समोर आले.

दुसरी गोष्ट १९४८ च्या सप्टेंबरची. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एकोणतीस वर्षांच्या एका बाईला नवे द्रव्य टोचले. आमवाताने ती जवळजवळ जागीच खिळली होती. काही दिवसांत ती चालू लागली आणि आठवड्याभरात बाजारात जाऊन आली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिझोन. हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण लवकरच ध्यानात आले की हे औषध मनालाही हलवते. कोणी अकारण हर्षाने भरून जाई, कोणी खोल उदासीत जाई. इथे क्षणभर थांबून एक सावधगिरी सांगतो. याच जातीच्या औषधांना आज आपण स्टेरॉइड म्हणतो. डॉक्टरांच्या हाती ती जीव वाचवतात. पण सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांतही ती मिसळलेली सापडतात. अशी पुडी घेऊ नये. आणि डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंदही करू नये.

तिसरी गोष्ट १९५२ च्या सुमाराची, आणि ती माधवरावांच्या दुखण्याशी जोडलेली आहे. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना नवी औषधे देऊन पाहत होते. त्यांतल्या इप्रोनियाझिड नावाच्या औषधाने एक चमत्कार झाला. खाटेवर मान टाकून पडलेली माणसे हसू-बोलू लागली, जेवण मागू लागली. मग १९५७ मध्ये नेथन क्लाइन यांनी ते उदासीनतेच्या रोग्यांसाठी वापरले. पुढे त्याचे यकृतावरचे दुष्परिणाम कळले आणि ते मागे पडले. पण नैराश्यावरच्या आजच्या औषधांची एक शाखा तिथून फुटली. मनाच्या खचण्यावर औषध चालते, हे क्षयाच्या वॉर्डात कळले.

मग ती सात रोगांची यादी ढासळू लागली. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वॉरन आणि मार्शल यांना जठराच्या व्रणाशी जोडलेला जंतू सापडला. ज्या व्रणासाठी रोग्याच्या चिंतेला दोष दिला जाई, तो बहुतेकदा एका जंतूमुळे होतो आणि जंतूवरच्या औषधांनी बरा होतो, हे सिद्ध झाले. २००५ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळाले. आमवात आणि कोलायटिस यांच्या मुळाशी आतल्या फौजेची चूक आहे, हेही याच काळात स्पष्ट होत गेले. ती फौज एकमेकांना निरोप धाडण्यासाठी काही रसायने सोडते. त्यांतल्या एका निरोप्याला अडवणारे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये क्रोन्ससाठी आणि १९९९ मध्ये आमवातासाठी मंजूर झाले. पुन्हा तेच: आतडे आणि सांधा, औषध एक.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ही रसायने मेंदूपर्यंत पोहोचतात का? शेतकरी बंधूंना हे मी वेगळे सांगायला नको. तुमचा बैल तापाने आजारी पडला की काय करतो? दावणीला मान टाकून उभा राहतो, पेंढ्याला तोंड लावत नाही, दुसऱ्या जनावराजवळ जात नाही. त्या बैलाला कोणी चिंता शिकवली? कोणीही नाही. शरीराची फौज लढायला उठली की ती मेंदूला निरोप देते, "आता पडून राहा." चार दिवसांच्या तापात हे शहाणपणाचे असते. पण जिथे लढाई वर्षानुवर्षे चालते, तिथे तो निरोपही वर्षानुवर्षे जात राहतो.

याचा एक चांगला पुरावा २००१ मध्ये पुढे आला. त्वचेच्या एका कर्करोगात इंटरफेरॉन नावाचे औषध मोठ्या मात्रेने देत असत. हे इंटरफेरॉन म्हणजे त्या आतल्या फौजेचाच एक निरोप्या. अमेरिकेतील डॉक्टरांनी काही रोग्यांना आधीपासून नैराश्यावरची गोळी दिली, काहींना नुसती खोटी गोळी दिली. खोटी गोळी घेतलेल्या २० जणांपैकी ९ जणांना मोठे नैराश्य आले. खरी गोळी घेतलेल्या १८ जणांपैकी फक्त २ जणांना. बाहेरून टोचलेल्या एका रसायनाने माणसे खचली, आणि औषधाने ते खचणे टळले. इथे स्वभावाला दोष देणार कसा?

आता दोन आकडे सांगतो, आणि मग आकडे पुरे. आमवाताच्या १३ हजारांहून अधिक रोग्यांवरील ७२ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१३ मध्ये निघाला. डॉक्टरांच्या कसोटीला उतरणारे मोठे नैराश्य शंभरात सुमारे १७ जणांना आढळले. प्रश्नावली देऊन पाहिले तर खचल्याची लक्षणे याहून कितीतरी अधिक जणांत दिसली. आतड्यांच्या रोगांविषयी असाच आढावा २०२१ मध्ये निघाला. त्यात ३० हजारांवर रोगी होते. चौघांपैकी एकाला नैराश्याची लक्षणे होती, आणि तिघांपैकी जवळजवळ एकाला चिंतेची. रोग उसळलेला असताना हे प्रमाण आणखी वाढलेले दिसले.

अर्थात सगळेच रसायन नव्हे, बरे का. ज्याला दिवसातून दहा वेळा घाईने उठावे लागते, त्याने म्हसळ्याहून मुंबईपर्यंत एसटीचा प्रवास कसा करावा? घोणसे घाटात मध्येच गाडी थांबवायला कोणत्या तोंडाने सांगावे? मुंबईत लोकलच्या डब्यात तर शौचालयच नाही. मग तो आदल्या दिवसापासून जेवत नाही, पुढे लग्नाला जायचे टाळतो, आणि शेवटी घराबाहेर पडत नाही. शिक्षक असेल तर तास अर्धा सोडून जाण्याची लाज. सून असेल तर बोटे आखडलेली असताना सगळ्यांच्या आधी उठण्याची सक्ती. वेदना, लाज, खर्च आणि झोपमोड ही चार बाजूंनी मन पोखरतात, आणि आतून ते रसायन. मन खचले की गोळी चुकते, जेवण सुटते, वेदना दुप्पट वाटते. म्हणजे रोग पुन्हा वाढतो. चरकाच्या यादीत विषाद पहिला का, ते इथे कळते.

तेव्हा रोगामुळे मन खचते आणि खचलेले मन रोग वाढवते, हे दोन्ही खरे. पण यात रोग्याचा अपराध कुठेही नाही. हजार वर्षांहून जुन्या ग्रंथातली 'उत्साहहानी' आणि आजच्या प्रयोगशाळेतला निष्कर्ष इथे येऊन भेटतात.

मग आपण काय करावयाचे? फार मोठे काही नाही. घरात असे जुनाट दुखणे असेल तर अधूनमधून दोन प्रश्न विचारा. "गेल्या पंधरा दिवसांत बहुतेक दिवस मन उदास वाटले का?" आणि "आधी ज्यात जीव रमायचा, त्यात आता रस वाटत नाही का?" एकाचेही उत्तर 'हो' आले तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. सांध्याच्या नाहीतर पोटाच्या डॉक्टरांनाच सांगा. त्यांनी विचारले नाही तरी सांगा. "जगून काय करू?" असे शब्द कोणाच्या तोंडून आले, तर ते रागाचे बोलणे समजून सोडून देऊ नका. त्या माणसाला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, रात्री-अपरात्रीही चालते. म्हसळ्याच्या डोंगरातल्या वाडीवरून तिथे फोन लावता येतो. रत्नागिरीला जावे लागत नाही, आणि थट्टा करायला तिथे कोणी नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर विमा कंपन्यांनाही बजावले आहे की मनाच्या दुखण्याला शरीराच्या दुखण्यासारखेच धरावे. कायद्याने जे मान्य केले, ते आपल्या ओटीवर मान्य व्हायला काय हरकत आहे?

शिक्षकांना एक विनंती. वर्गातले एखादे मूल वारंवार बाहेर जाण्याची परवानगी मागत असेल, किंवा सकाळच्या पहिल्या तासाला त्याची लेखणी चालत नसेल, तर त्याला उभे करून विचारू नका. हे रोग मुलांनाही होतात. बाजूला घेऊन विचारा. आणि थोरले माधवराव शिकवाल तेव्हा ते शेवटचे वाक्य थोडे लांबवा. सांगा की विशीतला एक कर्तबगार माणूस दोन-अडीच वर्षे पोटाच्या दुखण्याने झिजत होता, आणि तशातही राज्याचा विचार करीत होता. अखेरीस ज्या चुलत्याशी जन्मभर भांडण झाले, त्या राघोबादादांना थेऊरला बोलावून धाकट्या नारायणरावाचा हात त्यांच्या हाती दिला. मुलांना तो पेशवा अधिक जवळचा वाटेल. आणि घरात असे कोणी आजारी असेल तर तेही थोडे अधिक कळेल.

माधवरावांना जे औषध मिळाले नाही ते आज आहे. आतड्यांचा क्षय आज बरा होतो. आमवात आणि कोलायटिस अजून मुळापासून जात नाहीत, पण ते आवरता येतात, आणि त्यांच्याबरोबर आलेले मनाचे खचणेही आवरता येते. त्यासाठी ते आधी कोणीतरी ऐकावे लागते. "मला आता सकाळच नको वाटते," असे उद्या तुमच्या ओटीवर कोणी म्हणाले, तर आम्ही केले तसे करू नका. त्या माणसाजवळ बसा आणि विचारा, "कधीपासून असे वाटते?"